रिकाम्या हातानं यायचं नाही

"विकत आणलेलं नको मला. खाली पडलेलं आण."

निलक्का असं तोंडावर म्हणायची. तुम्ही काशीला जा नाहीतर पलीकडच्या गल्लीत लेकीला भेटून या, परत आलात की तिच्या उंबऱ्यावर काहीतरी ठेवायचं आणि मगच आपल्या घरात शिरायचं, असा तिचा कायदा होता. खडा चालेल, शिंपला चालेल, फुटकी काच, तुटकं बटण, एखादं बी, काहीही चालेल. फक्त त्याला पैसा दिलेला नसावा. पैसा दिला की ती खरेदी झाली, आठवण कसली, असं तिचं म्हणणं. आणि तिच्याशी वाद घालायची आमच्या गल्लीत कुणाची टाप नव्हती.

परवा माझी सून लातूरच्या कुठल्याशा प्रदर्शनातून गळ्यातलं घेऊन आली. तांब्याची तार आणि त्यात गुंडाळलेला खडा. "आई, बघा ना, हँडमेड आहे. किती वेगळं!" मी बघितलं आणि मला इतकं हसू फुटलं की सून रुसून आत गेली. आता तिला काय सांगू? असली कानातली मी चाळीस वर्षांपूर्वी घालून शाळेत शिकवलंय बाई. आणि ती करणारीनं जन्मात एक नग विकला नाही.

मी नांदेडजवळच्या अर्धापूरची. केळीच्या बागांतली मुलगी, अहमदपूरला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा भाड्याची खोली मिळाली ती निलक्काच्या समोरची. गल्ली बहुतेक लिंगायत दुकानदारांची. निलक्का त्यांच्यातलीच, पण दुकान नसलेली. शिलाई करायची, लोकांच्या शेवया-पापड करून द्यायची. उंच, हाडकुळी बाई. आवाज असा की बसस्टँडवर उभी राहिली असती तर भोंग्याची गरज पडली नसती. तिचा नवरा विश्वनाथअप्पा एसटीत कंडक्टर होता. तो जाऊन सहा-सात वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी मला तिच्या गळ्यात दोन गोष्टी दिसल्या. एक लिंग, ते लिंगायताच्या गळ्यात असतंच. दुसरी माळ. विधवेच्या गळ्यात माळ! तीही कसली, तर एक मणी दुसऱ्यासारखा नाही. मी बघत राहिले, तशी ती म्हणाली, "काय बघून राहिल्यात, मास्तरीणबाई? तुमच्या नांदेडकडं असंच म्हणतात न्हवं, बघून राहिल्या?" आणि खो खो हसली. मी पण काही गरीब गाय नव्हे. म्हटलं, "बघण्यासारखं घातलंय तर बघू नको का?" तेव्हापासून आमचं जमलं.

त्या माळेची हकीकत मला शेजारच्या शांताबाईनं सांगितली. विश्वनाथअप्पानं लग्नात सोन्याचा पोहेहार करीन म्हणून शब्द दिला होता. कंडक्टरच्या पगारात कुठला पोहेहार? मग तो मुक्कामी गाडी घेऊन जिथं जाई, तिथून बायकोसाठी खाली पडलेलं काहीतरी उचलून आणायचा. बिदरहून बिदरी कामाचा मोडका काळा तुकडा. हैदराबादहून लाखेच्या बांगडीची हिरवी कपची. नांदेडच्या घाटावरचा चपटा दगड. देगलूरला कुणाच्या तरी पैंजणातून गळालेला घुंगरू. निलक्का ते मेणाच्या दोऱ्यात ओवायची आणि म्हणायची, "झाला बघा पोहेहार, पाव हिस्सा."

बहात्तरच्या दुष्काळात तो चार दिवसांच्या तापात गेला. गल्लीतल्या बायका जमल्या. निलक्काच्या थोरल्या जाऊबाईंनी मंगळसूत्र काढून घेतलं. ते निलक्कानं काढू दिलं. मग जाऊबाईंचा हात माळेकडं गेला, तसं तिनं त्यांचं मनगट धरलं.

"मंगळसूत्र तुमच्या घरानं घातलं व्हतं, ते घ्या. ही माळ मालकानं दिलीय. त्यांनी परत मागितली तर देईन."

"गळा मोकळा करावा लागतोय, नीला. रीत हाय."

"मग लिंग बी काढा की. तेबी गळ्यातच हाय."

लिंगायत माणूस मेल्यावरसुद्धा त्याच्या गळ्यातलं लिंग काढत नाहीत. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जाऊबाईंनी हात मागं घेतला तो घेतलाच, पण त्या दिवसापासून घरच्यांनी तिचं दाणापाणी तोडलं. निलक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. एक दिवस काळा दगड फोडला आणि आतून पांढरी चमकती गारगोटी निघाली. बाकीच्या बायांनी बघून टाकून दिली असती. हिनं ती पदरात बांधली, तारेत गुंडाळली आणि माळेच्या मधोमध लावली. मला एकदा ती म्हणाली होती, "मी कुठं फिरले जिंदगीत? घर ते खडी, खडी ते घर. हीच माझी यात्रा."

आता माझी फजिती सांगते. पहिल्या दिवाळीत मी अर्धापूरला जाऊन आले आणि मोठ्या हौसेनं नांदेडच्या बाजारातून काचेच्या मण्यांची लड आणली. निलक्कानं उघडून बघितली.

"विकत आणलंस?"

"मग काय चोरून आणू?"

"मग तूच घाल. तुझी खरेदी तुझ्या गळ्यात."

आणि पुडी माझ्या हातात परत! मला असा संताप आला म्हणता. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा गेले तर गोदावरीच्या पात्रात पाणी दिसेना. कोरड्या वाळूत शिंपले मात्र चिक्कार पडलेले. राग होताच, तरी मी दोन उचलले. निलक्कानं ते हातात घेतले, उलटसुलट केले, वासही घेतला. "अगं बाई, गोदावरी बी आटली व्हय," एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांनी त्याची कानातली करून माझ्या हातावर ठेवली. ती अजून माझ्या कपाटात आहेत. सुनेला दाखवीन, रुसवा गेला की.

दुपारी चूल आवरली की तिचं हे काम चालायचं. चांभाराकडून मागून आणलेली आरी, एक चिमटा, मेणाचा दोरा आणि तांब्याची तार. तार यायची पाण्याच्या मोटारी बांधून देणाऱ्याच्या दुकानातून. विहिरी आटल्या की लोक कोरड्या मोटारी चालवायचे आणि जाळून बसायचे. जळक्या तारेचे आखूड तुकडे तो हिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. ती घासून घासून त्यांना लखलखीत करायची.

आणि हे सगळं कशासाठी? तर गल्लीतली पोर सासरी निघाली की तिच्या गळ्यात घालायला. सोनं कुणाकडं होतं त्या वर्षांत? होतं ते गेलेलं. कुणी पोर भुंड्या गळ्यानं सासरी जायची नाही, ही निलक्काची हट्टाची गोष्ट. जाऊबाईंनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पांढऱ्या कपाळाच्या बाईनं नवरीच्या अंगाला हात लावू नये. निलक्का म्हणाली, बरं, नाही येत मी मांडवात. मग पोरीच हळदीच्या आधी तिच्या घरी जायला लागल्या. ती एकेक मण्यावर बोट ठेवून सांगायची: हा तुझ्या आजीनं परळीहून आणलेला, हा तुझ्या मामानं मिरजेच्या स्टेशनावर उचललेला. "सासरी जीव घाबरला तर हात लावून बघायचं. एवढी माणसं तुझ्यासाठी वाकल्यात."

शांताबाईच्या कुसुमचं लग्न ठरलं तेव्हा मात्र घोटाळा झाला, आणि त्यात माझा वाटा होता. त्या वर्षी आमच्या शाळेची सहल कोकणात गेली होती. आमच्या पोरींनी समुद्र पहिल्यांदा बघितला आणि पाण्यात खेळायचं सोडून सगळ्या वाळूत वाकून शिंपले गोळा करायला लागल्या. "अक्कासाठी, बाई! अक्कासाठी!" दोन पिशव्या भरल्या. त्यात बारक्या कवड्याही होत्या, छान गुळगुळीत. निलक्का हरखली. तिनं कुसुमसाठी गळ्यालगतची माळ केली, एक शिंपला, एक कवडी, एक शिंपला, एक कवडी. इतकी देखणी दिसत होती की शांताबाईनं तिथंच पोरीची अलाबला घेतली.

कवड्यांची माळ आमच्या मुलखात कुणाच्या गळ्यात असते? आराधिणीच्या. देवीला सोडलेल्या, जोगवा मागणाऱ्या बाईच्या. निलक्काच्या घरी देवीचं काही नव्हतं, तिच्या ध्यानात आलं नाही ते समजू शकते. पण मी? माहूरच्या वाटेवर वाढलेली मी, डोळ्यांसमोर कवड्या ओवताना बघत बसले होते. समुद्रावरून आल्या म्हणून त्या मला निराळ्याच वाटल्या.

वऱ्हाड शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यातलं. कुसुम मांडवात आली आणि नवऱ्यामुलाच्या आत्यानं ओरडून विचारलं, "ह्ये काय? पोरगी देवीला सोडल्याली हाय का?" झालं. कुजबुज, मग आवाज, मग नवऱ्यामुलाचा मामा उठून उभा. "आराधीण गळ्यात बांधायलेत आमच्या!" शांताबाई मटकन खाली बसली. आणि आमच्या जाऊबाई! त्यांना काय, आयतंच सापडलं. "मी म्हणलं न्हवतं? पांढऱ्या कपाळाचा हात लागला की असंच व्हायचं."

कुणीतरी निलक्काला सांगायला पळालं. ती आली ती थेट मांडवाच्या मधोमध. स्वतःची माळ गळ्यात, कात्री हातात, उरलेल्या शिंपल्यांची पिशवी काखेत.

"ह्ये विधवेनं केलंय?" आत्यानं विचारलं. आत्या मांडवाच्या कडेला बसलेली होती.

"हाव. मी केलंय. कवड्या लावल्या ही माझी चूक. हात जोडते. आता काढते."

असं म्हणून तिनं खरंच हात जोडले, कुसुमच्या गळ्यातली माळ उतरवून घेतली आणि भर मांडवात मांडी ठोकून बसली. एकेक कवडी कापायला लागली. लग्न लावणारे स्वामी घड्याळ दाखवायला लागले.

"अक्का, मुहूर्त जायलाय."

"मुहूर्त जाऊ दे, दुसरा येईल. पोरीचा गळा रिकामा न्यायचा न्हाई."

"अवो पण आता घालताच कशाला?" मामा म्हणाला. "बिनमाळेची चालंल की आम्हाला."

"मला न्हाई चालत."

लग्न मोडलं तर शांताबाई पुन्हा उभी राहणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. निलक्काला दिसत नव्हतं असं नाही. तिनं ओवता ओवता मान वर केली आणि नवऱ्यामुलाला विचारलं, "काय रं शिवराज, समुद्र बघितलास का?"

शिवराज बोअरच्या मशीनवर कामाला होता. बाशिंगाआडून म्हणाला, "न्हाई बा."

तिनं पिशवीतून एक मोठा, पिळाचा शंख काढला आणि त्याच्याकडं दिला. "कानाला लाव. ही पोर तिथनं आलेली माळ घालून तुझ्या घरी यायलीय. देवीकडनं न्हाई, समुद्राकडनं."

पोरानं शंख कानाला लावला. लावला तो काढेचना. मामानं हिसकावून घेतला, स्वतः लावला, आणि त्याचे डोळेच मोठे झाले. "आरं तिच्या मायला! पाणी हाय की ह्यात!" मग काय, शंख मांडवभर फिरला. म्हातारेकोतारे, पोरंसोरं, सगळे कान लावून बसलेले. "आपल्या बोअरात टाका की ह्यो," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तोवर निलक्काची माळ झाली होती. तिनं ती स्वतःच्या हातानं कुसुमच्या गळ्यात घातली, सगळ्यांच्या देखत. जाऊबाई तोंड फिरवून बसल्या. अक्षता पडल्या. शंख मामा घेऊन गेला, परत दिला नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. त्याआधी बारीकसारीक कागदासाठी लोक उस्मानाबादेला हेलपाटे घालायचे, आता लातूर. सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. तिकडं बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं आणि आमच्या मुख्याध्यापिकेनं निलक्काचं नाव पाठवलं. मीच तिला घेऊन गेले. गल्लीतल्या पोरींकडून मागून आणलेले सात-आठ दागिने टेबलावर मांडले. थोड्या वेळानं एक साहेबीण आली, सोबत एक शिपाई, त्याच्या हातात पुठ्ठ्याची पाटी. त्यानं ती टेबलावर उभी केली: टाकाऊतून टिकाऊ.

निलक्काला वाचता यायचं, सावकाश. तिनं वाचलं.

"टाकाऊ कोण म्हणलं ह्याला?"

"तसं म्हणायची पद्धत आहे हो," साहेबीण म्हणाली. बाई वाईट नव्हती.

"मालक तीनशे मैल गाडीत उभं राहून दमून उतरायचे, अन माझ्यासाठी वाकायचे. ते टाकाऊ व्हय?" तिनं पाटी उचलली आणि उलटी करून टेबलावर पालथी ठेवली. साहेबिणीनं विषय बदलला. किंमत काय, विचारलं. किंमत नाही, विकायचे नाहीत. मग तिची नजर निलक्काच्या गळ्याकडं गेली. "ही सगळ्यात सुंदर आहे. एवढी काढून मध्ये ठेवा ना, दिवसभर. संध्याकाळी परत घाला."

मला वाटलं, आता ही साहेबिणीला काहीतरी बोलणार. पण निलक्का हळू आवाजात म्हणाली, "न्हाई बाई. ही काढायची न्हाई. काढायला लई जण येऊन गेले." साहेबिणीनं तिच्या पांढऱ्या कपाळाकडं बघितलं आणि ती पुढच्या टेबलाकडं वळली. तिला समजलं असावं. बक्षीस आम्हाला मिळालं नाही, हे सांगायला नकोच. परत येताना एका नव्या कचेरीच्या पायरीशी फरशीची तुटकी कपची पडली होती, ती निलक्कानं उचलली. "जिल्ह्याला आलो, रिकाम्या हातानं कशाला जायचं," म्हणाली आणि ती कपची माळेत घुंगराशेजारी जाऊन बसली.

मग माझी नांदेडला बदली झाली. सामान बांधून होतं, आणि शिरूरकडून निरोप आला की शिवराज गेला. बोअरच्या मशीनवर अपघात. कुसुमच्या पदरी दोन वर्षांची पोर. शांताबाई तर उठण्याच्या स्थितीत नव्हती. निलक्का आणि मी गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा बायका कुसुमभोवती बसल्या होत्या. गळा रिकामा होता.

"शिंपल्याची माळ कुठाय?" निलक्कानं विचारलं.

कुसुमनं चुलीकडं बघितलं. "मंगळसूत्रासंगं काढली, अक्का. आत्यानं टाकली त्यात."

आत्या तिथंच होती, तीच लग्नातली. निलक्का तिच्याकडं वळली. मी मनात म्हटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिनं दोन्ही हात मानेमागं नेले. गाठ जुनी, कितीतरी वर्षांची, सुटता सुटेना. मी पुढं झाले तर मला ढकललं. शेवटी सुटली. बिदर, हैदराबाद, नांदेड, देगलूर, लातूर आणि मधोमध ती गारगोटी, अशी ती अख्खी माळ तिनं कुसुमच्या गळ्यात घातली आणि मागं गाठ मारली. एक नाही, तीन.

"ही माझी हाय. हिला हात लावायचा न्हाई. माझा मालक गेला त्या दिवशी ह्या गळ्यात व्हती, अन आजवर व्हती. माझं काय वाकडं झालं? अन लावलाच कुणी हात, तर मला निरोप धाडा. मी येते."

बायका गार पडल्या. आत्या मात्र उठली. मला वाटलं, झोंबणार आता. ती निलक्कासमोर येऊन उभी राहिली. डोईवरचा पदर खांद्यावर आला होता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की तिचाही गळा उघडा आहे. तिचंही कपाळ पांढरं आहे. लग्नातही ती कडेला बसली नव्हती, कडेला बसवलेली होती.

"आमचं काढलं तवा कुठं व्हतीस गं?" आत्या म्हणाली. "एकोणीस वर्षांची व्हते मी. कोण आलं?"

निलक्काचा हात आपसूक गळ्याकडं गेला, तिथं आता काही नव्हतं. मग आत्या तोंडाला पदर लावून आत निघून गेली. माळेला कुणी हात लावला नाही.

दुपारी आम्ही शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर आलो. ती अहमदपूरला जाणार, मी तिथूनच दुसऱ्या गाडीनं नांदेडला. ऊन मी म्हणत होतं. तिच्या मानेवर माळेच्या जागी फिकट पट्टा उमटला होता, बाकी मान उन्हानं काळवंडलेली. मी त्याकडंच बघत होते.

"बघायलीस काय? काढली न्हाई कुणी. मी दिलीय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्या आत्याचं नाव काय गं?"

"भागीरथी म्हणत होते सगळे."

"भागीरथी," ती पुटपुटली. "तिचा बी गळा रिकामाच की."

अहमदपूरची गाडी लागली. लोक दारात रेटारेटी करायला लागले. निलक्का चढली, एक पाय पायरीवर ठेवून थांबली आणि पुन्हा खाली उतरली. मान खाली घालून धुळीत काहीतरी शोधायला लागली. तिकडं कंडक्टरनं घंटी ओढलेली.

"ओ मावशी! चला की! काय हरवलं का?"

ती वाकली, काहीतरी उचललं, फुंकर मारून पुसलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारता मारता ओरडली, "थांब की रं जरा! रिकाम्या हातानं जाऊ व्हय?"